अ‍ॅव्हरेज किती देते? शंभर सीसीच्या गाड्यांचे अनुभव

अर्धी_किक
काल बाबांच्या ९७ च्या स्प्लेंडरला एचएसआरपी, म्हणजे ती नवी हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवून आणली. ५३१ रुपये आधीच ऑनलाइन भरलेले, वेळ साडेअकराची, नंबर लागला दीडला. जुन्या पाटीचे बोल्ट गंजून बसले होते. पोराने पाना लावला, वंगण मारलं, शेवटी छिन्नीच घातली. पाटी निघाली आणि मागे मडगार्डवर तेवढाच चौकोन कोरा काळा, बाकी सगळं पांढुरकं पडलेलं. इतक्या वर्षांत त्या तुकड्याला ऊन लागलंच नव्हतं. मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, काका, मागे रांग आहे.

बाबा हिशेबी माणूस. खिशात छोटी डायरी, त्यात तारीख, किलोमीटर, लिटर, भाव. टाकी ते टाकी भरून काढलेला अ‍ॅव्हरेज. सत्तरच्या खाली आला की रविवारी गाडी अंगणात. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, टायरची हवा बघायची, चेनला ऑइल सोडायचं. तरी फरक पडला नाही की माझ्याकडे बघायचे, कारण अर्धा क्लच दाबून चालवायची सवय मला. डायरीत त्या आठवड्यांपुढे कंसात माझं नाव आहे.

तुमच्याकडे कुठली होती? लिहा. पाटी मागून घेतलीय, आई म्हणते भिंतीवर लाव, बायको म्हणते माळ्यावर टाक.

मोगरा_२२
मी टाकीवर बसून शाळेत जायचे. उन्हात टाकी तापायची म्हणून बाबा रुमाल अंथरायचे. अजून लिहायचंय पण कुकर लावलाय, येते.

निवांत_नाना
आमची सीडी १००, ८७ सालची. ही गाडी ८५ ला बाजारात आली. त्याआधी घरात स्कूटर होती, थंडीत एका अंगावर कलती केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. टू-स्ट्रोकला पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घालून घ्यायची सवय सगळ्यांना. ही फोर-स्ट्रोक, ऑइल इंजिनात वेगळं. जाहिरात तर 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. आमच्या शेजाऱ्यांनी ती शब्दशः घेतली. वर्ष-दीड वर्ष ऑइल बदललंच नाही, वर चार लोकांना सांगायचे की या गाडीला ऑइल लागत नाही. एक दिवस कात्रजच्या घाटात इंजिन जाम. टेम्पोत घालून आणली. गाडीलाच नावं ठेवत होते!

अर्धी_किक
नाना 😂

गुत्तेदार
रिझर्व्हची खुंटी! पेट्रोल संपत आलं की गाडी गचके द्यायची, चालू गाडीवर डावा हात खाली घालून खुंटी फिरवायची. ऐटच वेगळी. आणि टाकी भरल्यावर खुंटी परत ऑनवर करायला विसरायचं. पुढच्या वेळी गचका बसला की हात खाली जातो आणि कळतं, आपण महिनाभर रिझर्व्हवरच फिरतोय. मी तीनदा ढकललीय. तिसऱ्यांदा सासुरवाडीच्या दारापर्यंत. सासरे म्हणाले, व्यायाम चांगला.

धाकटी_पाती
गुत्तेदार, तीनदा?? एकदा कळत नाही का माणसाला

गुत्तेदार
कळतं हो ताई. वळत नाही.

रानवारा
मी आरएक्स १०० वाला. गिअर एक खाली, तीन वर. काकांची स्प्लेंडर दिली एकदा, तिचे चारही गिअर पुढे दाबून टाकायचे. तिसऱ्यात होतो, सवयीने पंजा लिव्हरखाली घालून वर उचलला, गाडी धाडकन दुसऱ्यात. मागे काकू, मांडीवर वीस अंड्यांचा ट्रे. पुढचं लिहीत नाही.

मनमाड_मेल
आम्ही परभणीचे, आम्हाला अ‍ॅव्हरेजचं महत्त्व सांगू नका. मनमाडच्या डेपोतून टँकर येणार, भाडं आमच्या डोक्यावर. २०२१ ला मुंबईच्या आधी आमच्याकडे पेट्रोलची शंभरी झाली. मुंबईची शंभरी पेपरात पहिल्या पानावर. आमची कोणी विचारली?

खडीवाला
किल्लीचा किस्सा. कंपनीचं नाव लिहीत नाही. ऑफिसच्या पार्किंगमधून काळी गाडी काढली, किल्ली लागली, घरी आलो. बायको म्हणाली डबा कुठाय? हुकला डब्याची पिशवी नाही, तिथे कोणाची तरी मेथीची जुडी. दहा वर्षं वापरून माझी किल्ली इतकी गुळगुळीत झाली होती की कुठेही फिरायची. परत गेलो तर एक गृहस्थ माझ्या गाडीशी झटापट करत उभे. त्यांची किल्ली नवी होती, माझ्या गाडीला लागेना. मेथी परत दिली. आता दिवाळीला एकमेकांना फोन असतो.

धाकटी_पाती
मेथी परत दिली हे वाचून भरून आलं 😂

सायली_डोंबिवली
विषय सोडून विचारते. रोज येऊन जाऊन ३० किमी, ऑफिसला. नवीन शंभरची घेऊ की इलेक्ट्रिक स्कूटर? नवऱ्याचं मत नकोय, ते मिळालंय.

रानवारा
पार्किंगला चार्जिंगचा पॉइंट आहे का? नसेल तर शंभरच. एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराचे नवे नियम), कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पावसाळी सकाळी चोक ओढायची भानगड नाही. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग सवय होते.

गुत्तेदार
आणि रिझर्व्हची खुंटी नाही. मजा गेली.

सायली_डोंबिवली
पॉइंट आहे, पण सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत.

शांता_तुळस
आमच्या ह्यांची गाडी अजून पार्किंगमध्ये आहे. हे जाऊन चार वर्षं झाली. मला चालवता येत नाही, मुलगा बंगलोरला. दर गुरुवारी वॉचमनदादा दोन किका मारून पाच मिनिटं चालू ठेवतात, नाहीतर बॅटरी उतरते म्हणे. मी वर गॅलरीत असते. तो आवाज आला की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो.

निवांत_नाना
शांताताई, पेट्रोल फार दिवस टाकीत राहू देऊ नका, खराब होतं. वॉचमनला अधूनमधून पंपापर्यंत चक्कर मारू द्या. गाडीलाही बरं.

शांता_तुळस
बरं नाना. सांगते त्याला.

अर्धी_किक
ताई 🙏

डायरी काढली आत्ता. शेवटची नोंद २०१९ ची. खाली बाबांच्या अक्षरात, 'हवा कमी होती. भरली.' आज टाकी फुल करून आणलीय. पुढचं पान मी लिहिणार आहे, कंसात नाव लेकाचं. तोही अर्धा क्लच दाबतो.

मनमाड_मेल
लिटरचा भाव किती लावला ते लिहा, आमच्याशी ताडून बघतो.

मोगरा_२२
आले. सगळं वाचत बसले आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळीची पेस्ट झालीय.