पंचेचाळिशीनंतर मराठी टायपिंग : वेग २० वर अडकलाय, मदत हवी आहे

वय ४६, परभणी. चार महिन्यांपासून इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची एक की-बोर्ड मांडणी) शिकतेय, मिनिटाला ३० शब्दांचा वेग हवाय. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं हे बोटांत बसलंय. पण जोडाक्षर आलं की 'डी'वरच्या हलन्तापाशी (अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हापाशी) हात अडखळतो, आणि 'ळ'साठी शिफ्ट धरून 'एन' दाबताना नजर खाली जातेच. त्याचा फार त्रास होतो. की-बोर्ड रुमालाने झाकून पाहिला, जोडाक्षरांचे सुटे शब्दही रोज गिरवले, फरक नाही. रात्री जेवणं आवरल्यावर तासभरच मिळतो, तोही लाइट असली तर. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणं) नको, ऑफिसात इनस्क्रिप्टच चालतं.

चाळिशीनंतर शिकून ज्यांनी ३० गाठले, त्यांनी जोडाक्षरांचा सराव सलग उताऱ्यांतून केला का? आणि तेव्हा वेग मुद्दाम कमी ठेवला होता का?