मदत हवी आहे: आजोबांची मोडीतली पत्रं वाचायची आहेत

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. आईवडील 1963 साली इस्राएलला आले आणि दिमोनात स्थिरावले. तिथे वाळवंट आणि आईच्या डोळ्यांसमोर कायम नारळीची वाडी! ती अजून मलिद्याला (आमच्या विधीतला गोड पोह्यांचा पदार्थ) पोहे भिजवताना 'आपल्या गावचं खोबरं असतं तर...' म्हणतेच.

तिच्या पेटीत आजोबांची चौदा पत्रं सापडली. वरचा मायना देवनागरीत, आतला मजकूर सगळा मोडीत. त्यातली तीन 1964 ची आहेत. बेने इस्राएलींना पूर्ण ज्यू मानावं म्हणून जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, तेच वर्ष. वडील त्यात होते, पण त्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत. गावी काय लिहून कळवलं असेल, आणि आजोबांनी 'परत या' म्हटलं असेल का, हे आता विचारायला तेही नाहीत.

माझ्या मुलांना देवनागरीसुद्धा वाचता येत नाही (चूक माझीच). आई 86 वर्षांची आहे, तिला ती ऐकवायची आहेत.

शाईचं घाईतलं मोडी वाचणारं कुणी ओळखीचं आहे का? योग्य मानधन देईन. आणि फोटो काढू की स्कॅन करू? घड्यांवर कागद फाटायला आलाय.