छाटणी हे कौशल्याचे काम आहे
पावसाळ्याआधीच्या छाटणीला कोयता आणि दोर पुरतो, प्रशिक्षणाची गरज नाही, हे आपले म्हणणे मला पटत नाही. जड फांदी थेट वरून कापली तर ती कोसळताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट, मग थोडे पुढे वरून काप घेऊन भार उतरवायचा आणि उरलेला खुंट बुडाशी असलेली फुगीर कड न दुखवता तिच्या बाहेरून कापायचा, कारण जखम तिथूनच भरून येते. आमच्या आवारातल्या गुलमोहराची फांदी खोडालगत सपाट कापली गेली आणि काही पावसाळ्यांत तिथे मूठ जाईल एवढी ढोली पडली. महाराष्ट्रातील शहरांत झाड तोडण्यापूर्वी परवानगी १९७५ च्या कायद्याने सक्तीची आहे. वर चढणाऱ्या कामगाराचे हेल्मेट आणि सुरक्षापट्टा मात्र कंत्राटातच लिहून घ्यावा, कारण रोजंदारीवरचा माणूस तो मागायला धजत नाही.