मदत हवी आहे: जुन्या पीव्हीसी टाइल्स उखडायच्या का? ॲस्बेस्टॉसची शंका आहे, इंदूर

अनघा_स्नेहलतागंज
नमस्कार मंडळी. स्नेहलतागंजातल्या घरात तळमजल्याच्या दोन खोल्यांना करड्या, पांढऱ्या रेघांच्या टाइल्स आहेत. 9 इंच चौरस, जाडी 2-3 मिमी, खाली डांबरासारखा काळा थर. 1970 च्या आसपास बसवलेल्या. दाराजवळच्या चार-पाच सुटल्यात, बाकी घट्ट आहेत. मिस्त्री म्हणतो, सगळ्या उखडू, काळा थर ग्राइंडरने घासू आणि वर व्हिट्रिफाइड लावू. घरात 4 वर्षांची मुलगी आहे, सासऱ्यांना दमा आहे. यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारं तंतुमय खनिज) असेल का, तपासायचं कसं, आणि उखडणं खरंच गरजेचं आहे का? मिस्त्रीने एक टाइल छिन्नीने फोडून पाहिली आणि धूळ झाडूने काढली. मुलीचा एक्स-रे काढावा का?

फरशी_सल्लागार
अनघाताई, ग्राइंडरचं काम आजच थांबवा. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल.

वर्णनावरून शंका रास्त आहे. त्या काळात पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस टाइल्स राजरोस बनत, त्यांच्यासाठी आयएस 3461 हे भारतीय मानकही होतं. अशा टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस साधारण 10 ते 25 टक्के असतं आणि काळ्या चिकट थरातही असू शकतं. नुसतं पाहून मात्र कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

घट्ट बसलेल्या, अखंड टाइलमधले ॲस्बेस्टॉसचे तंतू प्लॅस्टिकमध्ये अडकलेले असतात. चालल्याने, ओल्या फडक्याने पुसल्याने ते सुटत नाहीत. घासणं, कोरडं खरवडणं, भोकं पाडणं, हातोड्याने फोडणं यांनी ते हवेत येतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन् तास तरंगतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: उखडू नका, झाका.

लॅबवाला_विजयनगर
तपासणीबद्दल. सुटलेल्या टाइलचाच नमुना घ्या, नवी फोडू नका. पंखा, कूलर बंद. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून फवारा आणि टाइल पूर्ण भिजवा. पक्कडीने 2-3 सेंमीचा तुकडा तोडा, झिपच्या दोन पिशव्यांत एकात एक घाला. काळ्या थराचा नमुना वेगळा हवा. टाइल निर्दोष आणि गोंदात ॲस्बेस्टॉस, असंही निघतं. जागा ओल्या कागदाने पुसा, कागदही पिशवीत टाका, तुटलेल्या कडेवर टेप लावा.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधीच विचारा: घन पदार्थातलं ॲस्बेस्टॉस तपासता का? नुसतं हवेचं मोजमाप करणाऱ्या लॅबचा इथे उपयोग नाही. साध्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली टाइलमधले बारीक तंतू कधी निसटतात. अहवाल ‘नाही’ आला तरी शंका असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी मागा. हे करायचं नसेल तर ‘आहे’ असं धरूनच काम करा.

डॉ_छातीरोग
एकदा थोडी धूळ उडाली, तेवढ्याने मुलीचा एक्स-रे किंवा सीटी काढू नका. आज त्यात काही दिसणार नाही, किरणोत्सर्ग मात्र फुकट. ॲस्बेस्टॉसचे आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसांवर व्रण पडून ती ताठरणं), फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग), बहुधा 15 ते 40 वर्षांनी उमटतात, आणि धोका एकूण किती तंतू श्वासात गेले त्यावर वाढतो. मेसोथेलिओमाला सुरक्षित किमान मात्रा सांगता येत नाही, म्हणून ‘थोडंसंच आहे’ म्हणून पुढे धूळ करू नये. एकदाच्या धुळीचा धोका मात्र फार कमी.

खरी काळजी मिस्त्रीची करा. तो रोज वेगवेगळ्या घरांत हेच करतो आणि कपड्यांवरची धूळ त्याच्या मुलांपर्यंत नेतो. बिडी-सिगारेट ओढत असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. त्याला हे शांतपणे, नीट समजावून सांगा. सासऱ्यांना कुठल्याही धुळीने दमा उसळेल, काम होईपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा.

अनघा_स्नेहलतागंज
खूप आभार. झाकायचं तर कशाने? व्हिट्रिफाइड चालेल का?

फरशी_सल्लागार
व्हिट्रिफाइडमध्ये एक अडचण आहे. गुळगुळीत पीव्हीसीवर सिमेंटचा माल पकडत नाही, मग मिस्त्री टाचे मारतो, म्हणजे छिन्नीने खाचा पाडतो, आणि टाचे मारणं म्हणजे जे टाळायचं तेच. त्यापेक्षा 4-6 मिमीच्या क्लिक होणाऱ्या एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकच्या) फळ्या टाका. त्या तरंगत बसतात, खिळा लागत नाही, गोंद लागत नाही. भिंतीलगत 8-10 मिमी फट ठेवा, स्कर्टिंग भिंतीला लावा. दार अडलं तर दार खालून तासा, फरशीला हात लावू नका.

आधी ओल तपासा, कारण तळमजला आहे. दीड फूट चौरस प्लॅस्टिकच्या चारही कडा टेपने बंद करून एक दिवस ठेवा. खाली पाणी जमलं तर टाइल्स ओलीनेच सुटताहेत. वर काही टाकलं तरी पावसाळ्यात फुगेल. ओलीचं कारण दुरुस्त होईपर्यंत थांबा.

लॅबवाला_विजयनगर
सुटलेल्या चार-पाच काढाव्याच लागतील. खोली रिकामी करा, दारावर प्लॅस्टिक, कूलर बंद. साध्या कापडी मास्कने काही होत नाही. अगदी बारीक धूळ अडवणारा एफएफपी3 किंवा पी100 दर्जाचा मास्क हवा, दाढी केलेल्या चेहऱ्यावर घट्ट. साबणाचं पाणी फवारत पातळ पट्टीने टाइल अख्खी उचला. काळा थर खरवडू नका, तिथे लेव्हलिंगचा माल भरा. झाडू आणि घरचा व्हॅक्यूम दोन्ही नकोत, ओलं फडकं वापरून तेही फेका.

सगळं दोन जाड पिशव्यांत बांधून वर ‘ॲस्बेस्टॉस’ लिहा. हा माल महापालिकेच्या मलब्याच्या गाडीत देऊ नका. मलबा पुढे यंत्रात भरडला जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयात विचारा, घातक कचऱ्याची सोय इंदूरजवळच्या पिथमपूरला आहे. उत्तर येईपर्यंत पिशव्या कोरड्या जागी, मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

अनघा_स्नेहलतागंज
मिस्त्रीला थांबवलं आहे. उद्या प्लॅस्टिक लावून ओल बघते. शेजारच्या खोलीत जुन्या मोझॅक टाइल्स आहेत, त्यातही असेल का?

फरशी_सल्लागार
मोझॅक सिमेंट आणि संगमरवरी चिपांचं असतं, त्यात ॲस्बेस्टॉस घालत नाहीत. कोटा, शहाबादी, लाल ऑक्साइडची जमीनही तशीच. फक्त पॉलिशवाल्याला पाणी टाकूनच घासायला सांगा. सिलिकाची (दगड-वाळूतल्या खनिजाची) धूळही फुप्फुसांना वाईट.