कडप्प्याच्या ओट्यालगतचे क्षार लिंबूसत्त्वाने काढावेत का?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमच्या इमारतीत बोअरचे पाणी येत असल्याने नळांवर पांढरे क्षार साचतात. पाव लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व (किराणा दुकानात मिळते तेच) मिसळून भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळल्यावर स्टीलचे नळ स्वच्छ झाले. त्याआधी सोडा व्हिनेगरमध्ये मिसळून पाहिला होता, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात हे उशिरा ध्यानात आले. मात्र ओघळ कडप्प्यावर गेला तिथे, तो चुनखडीचाच दगड असल्याने, फिकट डाग उमटले आहेत. ब्लीच किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचे नाही आणि मशीनचे पॉलिशही तूर्त शक्य नाही. हे डाग घरच्या घरी कसे घालवावेत, आणि नळाच्या बुडाशी, दगडाला टेकलेले क्षार आम्लाशिवाय कशाने काढावेत?