अनुभव धागा : एक खर्च निस्तरेपर्यंत दुसरा दारात उभा

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येते. गाडी बंद, फ्रिज बंद, त्यात दवाखाना, आणि वरून हप्त्याची तारीख. कोणाच्या वाट्याला काय आलं ते इथे नको. ज्याचा ज्या कामात हात बसला आहे त्याने त्यातलंच लिहा: आधी काय तपासायचं, कोणाला आधी फोन करायचा आणि घाईत पैसा नेमका कुठे सांडतो.

आकडेमोड

"सगळं एकाच वेळी माझ्याच मागे का?" याचं अर्धं उत्तर गणितात आहे. वर्षाला १२ आपत्ती येतात आणि कोणती कधी यावी याला काहीच नियम नाही, असं धरा. दर महिन्याला बरोबर एक अशी शिस्तीत वाटणी होण्याची शक्यता सुमारे १८,६०० मध्ये एक. सरासरी चार महिने कोरडे जातात, आणि कुठल्यातरी एका महिन्यात तीन किंवा जास्त आपत्ती एकदम कोसळण्याची शक्यता ६९ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे घोळक्याने येणं हेच नेहमीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेल्या उडत्या बॉम्बचा हिशोब आर. डी. क्लार्क यांनी १९४६ साली मांडला. दक्षिण लंडनचे ५७६ सारखे चौकोन, बॉम्ब ५३७. २२९ चौकोनांत एकही पडला नाही आणि ७ चौकोनांत चार-चार पडले. नेम धरून टाकल्यासारखं दिसत होतं, पण ही वाटणी निव्वळ योगायोगाची होती.

उरलेलं अर्धं मात्र योगायोग नाही. एकदम घेतलेल्या वस्तू एकदमच म्हाताऱ्या होतात. घर मांडलं तेव्हा फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर एकाच वर्षी आले असतील तर आठ-दहा वर्षांनी ते मागेपुढेच जाणार. शिवाय पैसे नाहीत म्हणून टाळलेली छोटी दुरुस्ती मोठी होऊन परत येते.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. घरातल्या प्रत्येक यंत्राचं खरेदीचं वर्ष, साधारण आयुष्य आणि आजची किंमत लिहा. किंमत भागिले आयुष्याचे महिने. ३६,००० ची वस्तू १० वर्षं टिकत असेल तर तिचे महिना ३०० बाजूला. वर्षाकाठी येणारे विमा, कर, शाळेची फी यांनाही बाराने भागा. ही बेरीज अडीअडचणीच्या शिलकीपासून वेगळी ठेवायची. एकत्र ठेवली की फी भरतानाच शिल्लक संपते, आणि मग त्याला 'अचानक आलेला खर्च' म्हटलं जातं.

जमाखर्च

वरची यादी शांततेच्या काळातली झाली. आग लागल्यावर काय करायचं ते लिहितो.

एक कागद, तीन रकाने: किती द्यायचे, शेवटची तारीख, आणि नाही दिले तर काय होईल. क्रम तिसऱ्या रकान्यावरून लावायचा. डोक्यावरचं छप्पर, अन्न, औषधं, वीज-पाणी आणि ज्याच्यावर कमाई अवलंबून आहे ते साधन, हे सगळ्यात वर. मग तारण दिलेली कर्जं, कारण तिथे वस्तू जाते. बिनतारणी कर्जं आणि कार्ड सगळ्यात खाली. गंमत अशी की फोन सगळ्यात जास्त खालच्यांचेच येतात. जो जास्त ओरडतो त्याला आधी भरायचं, या सवयीइतकी महाग सवय दुसरी नाही.

कार्डाची 'किमान रक्कम' भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने वर्षाचे ४२.६ टक्के होतात, आणि काहीच न भरता सोडलं तर २४ महिन्यांत रक्कम दुप्पट. त्यातून मागची बाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून बाकी असलेलं कार्ड त्या दिवसापासून वापरायचंच नाही. कार्डावरून रोख काढणं तर त्याहून वाईट, तिथे व्याजाच्या जोडीला वेगळं शुल्कही लागतं.

घाईत कर्ज काढताना 'फ्लॅट' दर की घटत्या शिलकीवरचा दर, एवढं विचाराच. १२,००० वर १० टक्के फ्लॅट, एक वर्ष मुदत, तर हप्ता १,१०० बसतो. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण १२,००० वर मोजलं जातं. खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो.

सावकाराला, बँकेला, घरमालकाला फोन हप्ता चुकण्याआधी करायचा. चुकल्यावर खातं थकीत म्हणून नोंदलं जातं आणि समोरच्या माणसाच्या हातात देण्यासारखं कमी उरतं. "अडचण आहे हो" एवढ्यावर थांबू नका. नेमकं मागा: तारीख पगारानंतरची करून मिळेल का, काही महिने फक्त व्याज चालेल का, मुदत वाढवून हप्ता कमी होईल का. जे ठरेल ते ईमेलवर लेखी घ्या, बोललेल्या माणसाचं नाव आणि तक्रार क्रमांक त्याच कागदावर. हप्त्याला सवलत मिळाली तरी त्या महिन्यांचं व्याज सहसा मुद्दलात चढतं, तेव्हा आकडा विचारूनच हो म्हणा.

पुस्तकी सल्ला असा की जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. एकूण पैसा त्यानेच वाचतो. पण संकटांची रांग लागलेली असताना टंचाई दर महिन्याच्या रोखीची असते. दोन-तीन हप्त्यांत संपणारं छोटं कर्ज आधी संपवलं तर एक हप्ता कायमचा सुटतो. माझं मत त्या बाजूला.

उंबरठा

जमाखर्च, विम्याचा हप्ता थांबवला तर? तेवढाच हात मोकळा होतो.

जमाखर्च

आरोग्याचा आणि गाडीचा नको. आरोग्यविमा खंडित झाला तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. बचतीच्या पॉलिसीचं गणित वेगळं: कंपनीला 'सरेंडर' केल्यावर (पॉलिसी मोडल्यावर) काय मिळेल, 'पेड-अप' केल्यावर (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवल्यावर) काय राहील आणि तिच्यावर कर्ज किती मिळेल, हे तीन आकडे विचारा. बऱ्याचदा तिसरा पर्याय कार्डापेक्षा स्वस्त निघतो.

स्पॅनर

फ्रिज बंद पडला की लोक त्याच संध्याकाळी नवा घेतात. अन्न खराब होईल ही भीती असते. दार उघडलं नाही तर फ्रिजमधलं साधारण ४ तास टिकतं, खच्चून भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. एवढ्या वेळात कारण सापडतं.

आतला दिवा लागतो का? नसेल तर आधी सॉकेट दुसऱ्या यंत्राने तपासा. दिवा लागतोय पण थंड होत नाही, तर मागची किंवा खालची काळी जाळी बघा. धुळीचा नमदा बसला असेल तर उष्णता बाहेर पडत नाही. प्लग काढून ब्रशने साफ करा. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावा. कागद सहज सरकला तर तिथून गार हवा जाते.

आता मुख्य खूण. कॉम्प्रेसर काही सेकंद घुंss करतो, 'टक्' आवाज येतो, शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. याचा अर्थ त्याला सुरू होता येत नाही आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट झाला की वीज तोडणारा संरक्षक स्विच, त्याला तोडतोय. 'कॉम्प्रेसर गेला' हे वाक्य इथेच ऐकवलं जातं. आधी त्याच्या अंगाला चिकटलेला स्टार्ट रिले (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा भाग) काढून बघायला सांगा. हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं तर आतली चकती फुटली आहे. रिलेची किंमत कॉम्प्रेसरच्या मानाने नगण्य असते. रिले ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रोध (रेझिस्टन्स) मल्टिमीटरने मोजायचा: तीनपैकी सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका यायला हवा, आणि कुठलीही पिन कॉम्प्रेसरच्या पत्र्याशी जोडलेली दिसता कामा नये. हे जुळलं तर कॉम्प्रेसरची वायंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची तारेची गुंडाळी, शाबूत आहे. मोजमाप प्लग काढूनच, आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर त्यात साठलेल्या विजेचा झटका बसतो, म्हणून हे काम जाणकाराकडूनच. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून आकडे विचारा.

पुढून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी अडलं, तर दहातल्या बऱ्याच वेळा पंप गेलेला नसतो. खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. प्लग काढा, पाणी गार होऊ द्या, खाली पसरट भांडं आणि जुना टॉवेल ठेवा. बारीक नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू डावीकडे फिरवा. एकदम काढलात तर फरशीभर पाणी. आत नाणं, टाचणी, बटण, केसांचा गुंता. मागचं पंखुडीचं चक्र बोटाने फिरवून बघा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं ते चुंबकामुळे, तो बिघाड नव्हे.

दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग आणि यंत्राचं निम्म्याहून जास्त आयुष्य झालेलं, असं दोन्ही असेल तेव्हाच नवं घ्यावं. एकच असेल तर दुरुस्ती.

गॅरेजातला

स्पॅनरभाऊंच्या कॉम्प्रेसरचा गाडीतला जुळा भाऊ म्हणजे बॅटरी. नवी टाकली, आठवड्यात पुन्हा उतरली, मग दुसरी टाकली. दोन्ही बॅटऱ्या बिचाऱ्या चांगल्या होत्या.

गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीला मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन चालू करून मोजा. १३.८ ते १४.५ दरम्यान चढलं पाहिजे. चढतच नसेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा बघा, बॅटरी बदलून उपयोग नाही. चार्जिंग नीट आहे तरी रात्रीत उतरते, तर उभ्या गाडीत कोणीतरी करंट खातंय. सगळं बंद करून अर्धा तास थांबा, मग निगेटिव्हची वायर सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये, करंट मोजायच्या सेटिंगवर मीटर लावा. साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या वाटेवर.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तारेच्या ब्रशने घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना: लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगलीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगलीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून.

दाव्यांची फाईल

आरोग्यविम्याचे दावे तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे थोडक्यात. दावा अडकतो तो बहुधा कागदावर. औषधाच्या प्रत्येक बिलामागे त्याच तारखेची किंवा आधीची डॉक्टरची चिठ्ठी हवी, तपासणीच्या बिलामागे रिपोर्ट, आणि डिस्चार्जच्या कागदावरचं आजाराचं नाव दाव्याच्या अर्जावरच्याशी जुळलेलं. दाखल झाल्याची खबर किती तासांत द्यायची हे पॉलिसीत लिहिलेलं असतं, ते आधी बघा. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.

रुग्णालयाचं एकगठ्ठा बिल स्वीकारू नका, तपशीलवार मागा. एकच वस्तू दोनदा लागलेली, न झालेली तपासणी, डिस्चार्जच्या दिवसाचं पूर्ण भाडं, या तीन ठिकाणी पेन्सिल फिरवा. नकार आला तर तो लेखी आणि पॉलिसीच्या कलम क्रमांकासह मागायचा. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा तिथली जी यंत्रणा असेल ती.

सोल्डरगन

भिजलेला फोन: बंद करा, सिम काढा, चार्जिंगला लावू नका. चालू होतो का हे बघण्यासाठी बटण दाबणं हाच घातक क्षण, कारण ओल्या बोर्डावर करंट गेला की शॉर्ट होतो आणि गंज वेगाने धरतो. तांदळात पुरून उपयोग नाही. पीठ आणि कण पोर्टात जातात. हेअर ड्रायरने रबरी सील सैल होतात. उघडून बोर्ड अल्कोहोलने धुणाऱ्याकडे जितक्या लवकर न्याल तितकं बरं.

फोन चोरीला गेला तर पहिला फोन सिम कंपनीला, कारण सगळे ओटीपी तिथेच येतात. मग बँक आणि कार्ड, मग ईमेलचा पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआऊट, आणि शेवटी तक्रार. त्यासाठी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लागतो: आजच *#०६# दाबून तो आकडा फोनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा.

उंबरठा

एवढं सगळं त्या वेळी सुचतं कुठे, हाही प्रश्नच आहे.

आकडेमोड

त्यावर २०१३ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला होता. गाडीच्या मोठ्या दुरुस्तीचा नुसता विचार करायला लावला तरी कमी उत्पन्नाच्या लोकांचे चाचणीतले गुण घसरले. लहान रकमेने तसं झालं नाही. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पगाराच्या आधी आणि नंतर तशाच चाचण्या घेतल्या, त्यांना फरक दिसला नाही. त्यामुळे हे अंतिम मानू नका. तरी मोठ्या रकमेचा निर्णय एक रात्र थांबून, आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवून मगच घेणं बरं. कर्ज मंजूर झालंय पण आधी फी भरा म्हणणारे आणि ग्रहदशा उतरवून देणारे अशाच वेळी फोन करतात. कर्जाच्या आधी पैसे मागितले की फोन ठेवायचा.

उंबरठा

स्पॅनर, आमचा फ्रिज इन्व्हर्टरवाला आहे. त्यातही तो रिले असतो का?

स्पॅनर

नसतो. तिथे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्डच त्याला चालवतो, त्यामुळे खुळखुळ्याची परीक्षा लागू नाही. तीन पिनांचे आकडेही तिथे एकमेकांच्या जवळपास सारखे येतात, बेरीज जुळवत बसू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डावर किंवा पॅनेलवर छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकतो ते मोजा, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मॉडेल नंबरसकट मेकॅनिकला पाठवा. म्हणजे तो येताना बरोबर तोच भाग घेऊन येईल आणि भेटीचे पैसे दोनदा पडणार नाहीत.