शाळेला परसबाग हवी, पण राबणार कोण?

सुगरण:
आमच्या जिल्हा परिषद शाळेत परसबाग करायची की नाही, यावरून व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत. मी 'करा' म्हणणाऱ्यांतली. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. आमच्याकडे बाजार आठवड्यातून एकदाच. चौथ्या दिवशी पालेभाजी संपलेली असते, मग खिचडीत नुसता बटाटा. दारात शेवगा, अळू, चवळी, कढीपत्ता असला तर ताटात हिरवं काहीतरी पडेल. केंद्राने २०१९ मध्येच शाळांतल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. तुम्हाला काय वाटतं?

द्विशिक्षकी:
ताई, हिशेब मांडा. साठ मुलं धरली तर रोज तीन किलो भाजी. अर्ध्या गुंठ्यातून ती निघत नाही. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. एक जण ऑनलाइन माहिती भरायला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या माथी. त्यात आता वाफे. मुलाला वाचता आलं नाही तर जाब मलाच विचारणार ना? बागेला माझा विरोध नाही, पण आधी माणूस द्या.

मातीवेडा:
सर, रोजचे तीन किलो मागतंय कोण? बाजाराच्या आधीचे दोन दिवस भागले तरी पुष्कळ. शेवगा एकदा रुजला की पाल्याची चिंता नाही. आणि बाग म्हणजे अभ्यास बुडाला, हे मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे चौथीची मुलं दोरी लावून वाफ्याचं क्षेत्रफळ काढतात. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा पडला तेव्हा एका मुलीने पान उलटून ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी दाखवली, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके. ती मावा खाते हे कळल्यावर फवारणी नको असं पोरांनीच ठरवलं. हा धडा फळ्यावर शिकवून दाखवा.
बियाणं विकत आणू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. तसं वालाचं, घेवड्याचं बी तुमच्या गावातल्या आज्यांकडेही निघेल.

मुलीची आई:
अळी-मावा सगळं छान, पण पाणी कोण भरतं ते कुणी बोलत नाही. माझी मुलगी सहावीत असताना कळशा मुलींनीच वाहायच्या, 'त्यांना सवय असते' म्हणून. मुलगे झाडांभोवती आळी करायचे आणि फोटोत पुढे उभे राहायचे. कोणत्या वस्तीतल्या मुलांच्या हातात खराटा दिला जातो, तेही एकदा नीट बघा. हे बदलणार नसेल तर माझा बागेला विरोधच राहील.

सुगरण:
तुमचा मुद्दा मी समितीत मांडणार आहे. कामाच्या पाळ्यांची यादी भिंतीवर लागेल, मुलगे-मुली दोघांची, सगळ्या वस्त्यांची, आणि पालकांनी ती तपासायची. हातपंपाचं पाणी बागेला नाहीच. ताटं धुतलेलं पाणी चर काढून अळूला सोडू. जूनमध्ये पेरायचं, मार्चनंतर वाफे मोकळे ठेवायचे. उन्हाळ्यात फक्त शेवगा आणि कढीपत्ता जगवायचा.

द्विशिक्षकी:
यादीला माझी हरकत नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत गुरं आत शिरली तर कुंपणाला कोण धावणार, मे महिन्यात शेवग्याला पाणी कोण घालणार, ही नावं ठरावात लिहा. त्यात शिक्षकाचं नाव नसेल तर मी सही करतो.